वाचन शिकवण्यासाठी ऑनलाइन कोर्स करायचाय? मग या क्रमाने करा

ऑनलाइन कोर्स पूर्ण करणं मुळात अवघड नसतंच. एका टॅबमध्ये व्हिडिओ दीडपट स्पीडने चालू, दुसऱ्या टॅबमध्ये हजेरीची एक्सेल शीट, क्विझमध्ये पर्याय बदलत बदलत एकदाचं पास, सर्टिफिकेट डाउनलोड, स्टेटसला टाकलं, अभिनंदनाचे अंगठे आले, संपलं. आणि वर्गातला जो मुलगा 'प्रकाश' वाचताना 'प... र... पर...' करत अडकायचा तो अजून तिथेच अडकतोय. यात सगळा दोष शिक्षकांचा आहे असं अजिबात नाही, बरेच कोर्स बनवलेलेच असतात टिकमार्क गोळा करण्यासाठी. पण तुम्ही वाचन शिकवायला नवीन असाल, आणि कोर्सचा उपयोग खरंच मुलांच्या वाचनात दिसावा असं वाटत असेल, तर कामाचा क्रम थोडा बदलायला लागतो. कोर्स शोधणं ही पहिली पायरी नाहीये, ती मधली आहे.

पायरी १: आधी पाच मुलांचं वाचन ऐका

कुठल्याही साइटवर रजिस्टर करण्याआधी हे करा. वर्गातली पाच मुलं निवडा, दोन बरी वाचणारी, दोन अडखळणारी आणि एक असा ज्याच्याबद्दल तुम्हाला नक्की काही सांगता येत नाही (प्रत्येक वर्गात असा एक असतोच). पुस्तकातला पाठ देऊ नका, तो निम्म्यांना पाठ असतो. त्यांनी न पाहिलेला, त्यांच्या इयत्तेला झेपेल असा साठ-सत्तर शब्दांचा उतारा घ्या, एकेकाला बाजूला बसवून मोठ्याने वाचायला लावा, एक मिनिट. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी शाळेला आणि पालकांना विचारून घ्या, आणि ते रेकॉर्डिंग कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही हे स्वतःशी पक्कं करा.

वाचताना मधे बोलायचं नाही, चूक सुधारायची नाही. तुमच्याकडे त्या उताऱ्याची दुसरी प्रत असेल, तिच्यावर मुलगा जे बोलला ते तसंच्या तसं लिहा. 'बादली'ला 'बाजार' म्हणाला तर तिथे 'बाजार' लिहा, नुसती फुली मारू नका, कारण फुलीतून काहीच कळत नाही. 'बाजार'मधून कळतं की हा पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने टाकतोय. 'किती'ला 'कती' म्हणणारा वेगळा, त्याची मात्रा (म्हणजे काना, वेलांटी, उकार असं स्वरचिन्ह) सुटतेय. 'पुस्तक'ला 'पुसतक' म्हणणारा जोडाक्षरावर अडलाय. चौथा एक प्रकार असतो, सगळं बरोबर वाचतो पण एकेक शब्द सुटा सुटा, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेला. आणि पाचवा, जो सगळ्यात फसवा, घडाघडा वाचतो आणि काय वाचलंस विचारलं की वर बघतो.

आता एक छोटी टेस्ट अजून. तितक्याच सोप्या दुसऱ्या उताऱ्याचं वाचन तुम्ही करा, मुलाने फक्त ऐकायचं, आणि तीन-चार प्रश्न विचारा. ऐकून समजतंय पण स्वतः वाचून समजत नाही, तर अडचण अक्षरं-शब्द उलगडण्यात आहे. ऐकूनही समजत नाही, तर प्रश्न भाषेचा, शब्दसाठ्याचा किंवा त्या विषयाच्या माहितीचा आहे, आणि तिथे कितीही बाराखडी घोटून घेतली तरी फार फरक पडणार नाही. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही बरं का, गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये हे फार साध्या रूपात मांडलं: वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोनातलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. वाचनाच्या जवळपास प्रत्येक बऱ्या कोर्समध्ये हे 'सिम्पल व्ह्यू ऑफ रीडिंग' नावाने पहिल्या-दुसऱ्या मॉड्यूललाच येतं, तेव्हा ते तुम्हाला ओळखीचं वाटेल आणि तुमच्याच वर्गातली पोरं डोळ्यासमोर येतील, निम्मं काम तिथेच झालं.

तयार साधन हवं असेल तर मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाचं वाचन-साधन चांगलं आहे, २००५ पासून वापरात आहे, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या आहेत आणि मुलामागे काही मिनिटंच लागतात. 'एग्रा' (EGRA) म्हणून सुरुवातीच्या इयत्तांचं वाचन तपासणारं अजून एक आहे, ते जास्त तपशिलात जातं, पण नवख्या माणसाने एकट्याने त्यात शिरायची गरज नाही.

पायरी २: पाच-सहा शब्द माहीत करून घ्या

कोर्सच्या वर्णनांमध्ये तेच ते शब्द फिरत असतात आणि ते माहीत नसले की सगळेच कोर्स सारखे वाटतात. २००० साली अमेरिकेत नॅशनल रीडिंग पॅनल या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला, त्यात वाचन शिकवण्याचे पाच भाग सांगितले आणि तेव्हापासून बहुतेक कोर्सेस त्याच पाच खणांमध्ये बसवलेले असतात. फोनिमिक अवेअरनेस म्हणजे बोललेल्या शब्दातले आवाज कानाने सुटे करता येणं, यात अजून अक्षर दिसलेलंही नसतं. फोनिक्स म्हणजे आवाज आणि चिन्ह यांची जोडी. फ्लूएन्सी म्हणजे ओघ, म्हणजे अचूक, बऱ्या वेगाने आणि वाक्याच्या चालीत वाचणं. मग व्होकॅब्युलरी आणि शेवटी कॉम्प्रिहेन्शन, आकलन. या पाचात लिहिणं नाही आणि वर्गातलं बोलणं-गप्पा मारणं असा वेगळा खण नाही, त्यामुळे हीच संपूर्ण यादी आहे असं समजून चालू नका, पण कोर्स शोधायला ती पुरते.

आता पायरी १ मधल्या नोंदी समोर ठेवा. बहुतेक मुलं मात्रा आणि जोडाक्षरांवर अडत असतील तर तुम्हाला फोनिक्स आणि डिकोडिंगचा (म्हणजे शब्द उलगडण्याचा) कोर्स पाहिजे, 'वाचनाची गोडी' वाला नको, तो कितीही छान असला तरी. सुटं सुटं वाचत असतील तर फ्लूएन्सी. घडाघडा वाचून समजत नसेल तर शब्दसंपत्ती आणि आकलन. एक निवडा. एकाच वेळी तीन कोर्स घेतलेल्या माणसाचा एकही पूर्ण होत नाही हे मी तुम्हाला लिहून द्यायला तयार आहे. हजारोंनी रजिस्टर होणाऱ्या फ्री कोर्सेसमध्ये शेवटपर्यंत पोचणारे थोडेच असतात.

पायरी ३: कोर्स चाळून बघा, लगेच एनरोल करू नका

पहिलं मॉड्यूल सगळेच छान करतात, म्हणून मधलं कुठलंतरी एक उघडून बघा. खरा वर्ग, खरी मुलं, खरा गोंधळ दिसतोय का, की फक्त स्लाइड आणि मागून आवाज? शिक्षक मुलाच्या चुकीला काय उत्तर देतो हे दाखवलंय का? मला विचाराल तर निवड करताना ही एकच गोष्ट बघितली तरी चालेल, कारण वाचन शिकवणं म्हणजे शेवटी चुकीनंतरच्या पुढच्या पाच सेकंदात तुम्ही काय करता तेच असतं. मग असाइनमेंट बघा. 'खालीलपैकी योग्य पर्याय निवडा' एवढंच असेल तर तो वाचायचा लेख आहे, ट्रेनिंग नाही. 'तुमच्या वर्गात हे करून बघा आणि काय झालं ते लिहा' असं असेल आणि ते कोणी माणूस वाचून उत्तर देत असेल तर सोडू नका.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र सावध व्हा. एक म्हणजे अडलेल्या शब्दासाठी मुलाला 'चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, काय असेल अंदाज कर' असं शिकवणारा कोर्स. ही कल्पना केनेथ गुडमन यांच्या १९६७ च्या मांडणीतून आली, वाचन म्हणजे एक प्रकारचा अंदाजाचा खेळ अशी ती मांडणी होती, आणि ती जगभर पसरली. पण नजरेच्या हालचालींवर नंतर जे संशोधन झालं त्यात उलटं दिसलं, चांगले वाचक अक्षरं गाळत नाहीत, जवळपास सगळी बघतात, फक्त फार पटकन. अंदाजावर विसंबतो तो कच्चा वाचक. वरचा 'बादली'चा 'बाजार' करणारा मुलगा आठवा, त्याला अजून अंदाज करायला शिकवायचं म्हणजे कमाल झाली. दुसरी गोष्ट, 'हा मुलगा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा, तिसरा हालचालीतून शिकणारा' हे लर्निंग स्टाइलचं प्रकरण. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं उपलब्ध संशोधन तपासलं आणि अशी विभागणी करून शिकवावं इतका पुरावा नाही असं सांगितलं. तरी अजून कोर्सेसमध्ये ते मॉड्यूल असतंच. त्यावर अख्खा कोर्स उभा असेल तर पुढे सरका.

इंग्रजी वाचायला जमत असेल तर दोन फुकट जागा सांगून ठेवते. रीडिंग रॉकेट्स या साइटचा रीडिंग १०१ हा आपापल्या वेळेत करायचा कोर्स आहे, वर्गातले व्हिडिओ भरपूर आहेत. आणि व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊस या, शिकवण्याच्या पद्धतींमागचा पुरावा तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी उपक्रमाचं पायाभूत वाचन कौशल्यांवरचं २०१६ चं मार्गदर्शक, त्यात फक्त चार शिफारशी आहेत पण प्रत्येकीच्या मागे पुरावा किती भक्कम आहे ते लिहिलंय, आणि शिक्षकांच्या छोट्या गटाने एकत्र बसून करायचं साहित्य वेगळं तयार केलेलं आहे.

सर्टिफिकेट नोकरीत किंवा बढतीत दाखवायचं असेल तर ते धरतात का हे आधीच विचारून घ्या, कोर्स संपल्यावर नाही. याहून जास्त या विषयावर बोलण्यासारखं काही नाही.

पायरी ४: इंग्रजीवर बेतलेला कोर्स देवनागरीत उतरवा

इथे जरा थांबू, कारण बहुतेकजण इथेच घसरतात आणि कोर्स याबद्दल एक अक्षर बोलत नाही. वाचनाचे बरेचसे ऑनलाइन कोर्स इंग्रजी वाचनावर उभे आहेत. इंग्रजीत २६ अक्षरं आणि आवाज ४० च्या वर, एकच आवाज चार प्रकारे लिहायचा, काही अक्षरं लिहायची पण उच्चारायची नाहीत, त्यामुळे त्या कोर्सचे आठवडेच्या आठवडे ते गुंते सोडवण्यात जातात. तुम्ही मराठी वाचन शिकवत असाल तर तो भाग खुशाल पळवा. आपल्याकडे चिन्ह आणि आवाजाची जोडी बरीच सरळ आहे.

पण याचा अर्थ आपलं सोपं आहे असा नाही, आपला त्रास वेगळीकडे आहे. चिन्हं संख्येने खूप. प्रत्येक व्यंजन गुणिले बाराखडी, वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नडवर केलेला अभ्यास २००७ मध्ये आला, कन्नड लिपीही आपल्यासारखीच अक्षरांची, त्यात दिसलं की मुलांचं अक्षरज्ञान पहिल्या-दुसऱ्या वर्षात पूर्ण होत नाही, चौथीपर्यंत चालूच राहतं, आणि एकेक सुटा आवाज ओळखणं हे अख्खं अक्षर ओळखण्याच्या मागून, सावकाश येतं. म्हणजे इंग्रजी कोर्स म्हणतो आधी सुटे आवाज पक्के करा, आपल्याकडे मुलाला 'क-म-ळ' असे अक्षराचे तुकडे आधी ऐकू येतात आणि 'क'मधला 'अ' बराच नंतर. मग काय करायचं? कोर्समधला आवाज बदलायचा खेळ घ्या पण तो मात्रांवर खेळा: 'का' म्हण, आता 'आ'च्या जागी 'ई' टाक, काय झालं? 'की'. आता 'ऊ'. तोंडी, फळ्यावर काही न लिहिता. दोन-तीन मिनिटं रोज.

शिवाय आपल्या लिपीचे काही खास अडथळे आहेत, त्यांची तुमची स्वतःची यादी करा, कुठलाही बाहेरचा कोर्स ती देणार नाही. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तोंडात नंतर येते, 'विचार' वाचताना काही मुलांना वेलांटीचा दांडा काना वाटतो आणि ती गडबडतात. 'र' तर चार रूपांत येतो, 'प्रकाश', 'राष्ट्र', 'सूर्य' आणि 'सुऱ्या', आणि 'सूर्य'मध्ये तो लिहिलेला शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर पण बोलायचा त्याच्या आधी. 'कागद' लिहिताना 'द' पूर्ण, बोलताना त्यातला 'अ' गायब. 'करतो' लिहायचं आणि 'कर्तो' म्हणायचं. 'चाक' आणि 'चहा' यातला 'च' एकच दिसतो पण उच्चार दोन. मोठ्यांना हे जाणवतही नाही इतकं अंगवळणी पडलंय, पण जो मुलगा प्रत्येक अक्षर प्रामाणिकपणे पूर्ण उच्चारून 'का-ग-दअ' वाचतो तो खरं तर बरोबरच वाचतोय, त्याला फक्त पुढची पायरी कोणी दाखवलेली नसते: 'आता हेच पटकन म्हण, रोज बोलतोस तसं.'

वाचनाच्या वेगाचे तक्तेही असेच जपून वापरा. हॅसब्रुक आणि टिंडल यांचा २०१७ चा तक्ता जवळपास सगळे कोर्स दाखवतात, दुसरीच्या शेवटी मधल्या मुलाचा वेग मिनिटाला १०० शब्द. तो इंग्रजीसाठी आहे. आपल्याकडे 'घरासमोरच्या झाडावर' हे दोन शब्द झाले, तेच इंग्रजीत आठ होतात. १०० चा आकडा मराठी मुलाला लावला तर अख्खा वर्ग नापास होईल आणि तुम्ही विनाकारण घाबराल.

पायरी ५: मॉड्यूल बघायचं कसं

छोटं बघा. वीस-पंचवीस मिनिटांचा तुकडा, शक्यतो दुसऱ्या दिवशी वर्ग असेल अशा संध्याकाळी, कारण शनिवारी रात्री पाहिलेलं सोमवारी आठवत नाही. स्पीड वाढवायचा तर बोलण्याच्या भागात वाढवा, वर्गाचा व्हिडिओ मात्र साध्या स्पीडला आणि दोनदा, पहिल्यांदा मुलांकडे बघा आणि दुसऱ्यांदा शिक्षकाकडे. नेट रडत असेल तर आधी डाउनलोड करून ठेवा, सबटायटल चालू ठेवा.

मॉड्यूल संपल्यावर वहीत एकच ओळ लिहायची: उद्या, कोणाबरोबर, कधी, काय. 'मुलांना जास्त सराव देईन' ही ओळ चालणार नाही. 'उद्या दुसऱ्या तासाला, मात्रेवर अडणाऱ्या चौघांबरोबर, दहा मिनिटं, झाकून-उघडून वाचन' ही चालेल.

ते झाकून-उघडून वाचन म्हणजे काय तेही सांगते, कारण नवख्याला पहिल्या आठवड्यात करून बघायला यापेक्षा सोपं काही नाही. 'बादली' शब्द मोठ्या अक्षरात कागदावर. त्यावर एक पट्टी. पट्टी सरकवून फक्त 'बा' दाखवा, मुलगा म्हणतो 'बा'. अजून सरकवा, 'बाद'. थांबायचं नाही, मागे जाऊन 'बा... द...' असं सुटं म्हणवून घ्यायचं नाही, जोडूनच: 'बाद'. अजून सरकवा, 'बादली'. मग लगेच, 'बादली म्हणजे काय? कुठे बघितलीस?' हा प्रश्न विसरू नका, नाहीतर तो नुसता आवाजांचा व्यायाम होतो. पहिला शब्द तुम्ही करून दाखवा, दुसरा दोघांनी मिळून, तिसरा त्याचा त्याने. कोर्समध्ये याला ग्रॅज्युअल रिलीज म्हणतात, पिअर्सन आणि गॅलहर यांनी १९८३ मध्ये हे नाव दिलं, आधी मी, मग आपण, मग तू. जोडाक्षरासाठी हीच पट्टी, फक्त तोडायची जागा बदलते: 'पुस्' आणि मग 'पुस्तक'.

सुटं वाचणाऱ्या मुलांसाठी असं काही शोधत असाल तर एकच उतारा परत परत वाचायची पद्धत घ्या. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये मांडली, जुनी आहे पण टिकलीये. पन्नास ते दोनशे शब्दांचा उतारा, तीन-चार वेळा, दर वेळी मोठं कोणीतरी ऐकतंय. तिसऱ्या वेळी मुलाला स्वतःलाच फरक ऐकू येतो आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पायरी ६: स्वतःचा वर्ग स्वतः बघा

फोन कपाटावर टेकवून ठेवा, आठ-दहा मिनिटं रेकॉर्ड करा. पहिल्यांदा बघताना स्वतःचा आवाज विचित्र वाटतो, केस नीट नव्हते वगैरे दिसतं, ते सोडा. एका वेळी एकच गोष्ट मोजा. मी सुरुवातीला ही सांगेन: मुलगा अडल्यावर तुम्ही किती सेकंद थांबता? बहुतेक जण एक सेकंदही थांबत नाहीत, शब्द सांगून मोकळे होतात, आणि मुलाला कळतं की गप्प राहिलं की शब्द आपोआप येतो.

दुसरी मोजण्यासारखी गोष्ट, किती मुलांनी प्रत्यक्ष वाचलं. एकेकाने उभं राहून दोन-दोन ओळी वाचायच्या ही आपली लाडकी पद्धत घ्या. ४० मुलं, ३० मिनिटं, एकाच्या वाट्याला ४५ सेकंद. उरलेली २९ मिनिटं तो काय करतोय? आपला नंबर कधी येईल ते मोजतोय आणि तेवढ्याच ओळी मनात म्हणून बघतोय. त्याऐवजी जोड्या करून एकमेकांना वाचून दाखवायला लावलं तर गोंगाट होईल खरा, पण प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळतात. हा हिशोब कोर्समध्ये वाचून पटत नाही, स्वतःचा व्हिडिओ बघून पटतो.

पायरी ७: कोणीतरी सोबत घ्या

एकट्याने हे सगळं दोन आठवडे चालतं, मग शाळेची कामं अंगावर येतात. आणि फक्त टिकून राहण्यासाठी नाही, शिकण्यासाठीही सोबत लागते. दक्षिण आफ्रिकेत यावर चांगला प्रयोग झालाय. मातृभाषेतलं वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांचे दोन गट, दोघांना पाठाचं नियोजन आणि पुस्तकं सारखीच, पण एका गटाला एका ठिकाणी बोलावून ट्रेनिंग आणि दुसऱ्या गटाच्या वर्गात कोच येऊन बसणार. दोन वर्षांनी मुलांच्या वाचनात जो फरक पडला तो कोचवाल्या गटात दुपटीहून जास्त होता. पुढचा प्रश्न आपल्या कामाचा: कोच ऑनलाइन असेल तर? तेही त्यांनी करून बघितलं, या वेळी इंग्रजी शिकवणाऱ्यांबरोबर, एका गटाला वर्गात येणारा कोच, दुसऱ्याला टॅबलेट आणि फोन-मेसेजवरचा कोच. तीन वर्षांनंतर वर्गात येणाऱ्या कोचच्या मुलांचं इंग्रजी बोलणं आणि वाचन दोन्ही सुधारलं, ऑनलाइन कोचच्या मुलांचं बोलणं थोडं सुधारलं आणि वाचनात परिणाम दिसला नाही.

म्हणजे ऑनलाइन सोडून द्यायचं का? नाही. पण स्क्रीनवरच्या मदतीला वर्गातलं काहीतरी जोडायलाच लागतं. कोच नसेल तर शेजारच्या वर्गातले सर किंवा बाई चालतील, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं येऊन मागे बसले तरी पुष्कळ. तेही शक्य नसेल तर व्हिडिओ. अमेरिकेत माय टीचिंग पार्टनर नावाचा कार्यक्रम याच पद्धतीवर चालायचा, शिक्षकाने वर्गाचा व्हिडिओ पाठवायचा, कोच त्यातले दोन-तीन छोटे तुकडे काढून त्यावर नेमके प्रश्न विचारणार आणि मग फोनवर बोलणं. माध्यमिक शाळांमध्ये त्याचा अभ्यास झाला, २०११ मध्ये निष्कर्ष आले, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या गुणांत वाढ दिसली. त्यातलं 'छोटे तुकडे' लक्षात ठेवा. अख्खा तास कोणी बघत नाही, मैत्री कितीही असो.

सोबत्याला क्लिप पाठवताना 'कसं वाटलं?' विचारू नका, 'छान' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. 'मिनिट दोन ते मिनिट तीन बघा, ती मुलगी 'राष्ट्र'वर अडली तेव्हा मी जे केलं त्याने ती पुढे गेली का नुसतं माझ्यामागून म्हणाली?' असं विचारा. आणि उत्तर देताना आधी काय दिसलं ते सांगायचं, मग काय वाटलं ते. ग्रुप करायचा असेल तर चार-पाच जणांचा करा आणि पहिल्याच दिवशी ठरवा की इथे सुप्रभात आणि सर्टिफिकेटचे फोटो येणार नाहीत. मोठ्या ग्रुपचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

पायरी ८: सहा आठवड्यांनी तीच पाच मुलं

परत तीच मुलं, तितकाच अवघड पण नवा उतारा, तेच एक मिनिट, तशाच नोंदी. नुसता वेग बघू नका, चुकांची जात बदलली का ते बघा. 'बादली'ला 'बाजार' म्हणणारा आता 'बाद... बादली' म्हणत असेल तर वेग कमी झाला तरी ती प्रगती आहे, कारण तो अंदाज सोडून अक्षरं बघायला लागलाय. कोणालाच फरक नसेल तर आधी वही उघडा, ठरवलेलं किती दिवस प्रत्यक्षात झालं ते मोजा. झालंच नसेल तर दुसरा कोर्स शोधण्यात अर्थ नाही. रोज होऊनही फरक नसेल तर बहुधा पायरी १ चा अंदाज चुकलाय, ऐकण्याची टेस्ट परत घ्या.

मुलं शब्द नीट वाचायला लागली की पुढचा कोर्स आकलनाचा घ्यायचा, आणि तिथे एक लक्षात ठेवून निवडायचा. 'मुख्य मुद्दा शोधा', 'अंदाज बांधा' अशा फक्त युक्त्या शिकवणारे कोर्स खूप आहेत. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं वाचनात पक्क्या पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणून असा कोर्स शोधा ज्यात एकाच विषयावरचे तीन-चार मजकूर लागोपाठ वाचून घ्यायला सांगतात, वाचण्याआधी त्या विषयावर बोलायला लावतात, आणि शब्द यादीतून न देता त्या मजकुरातून घेतात. तोपर्यंत पहिल्या फेरीतली पट्टी कपाटात टाकू नका, नवीन विषय आला की नवीन जोडाक्षरं येतातच, 'पर्जन्यमान'वर परत कोणीतरी अडणारच आहे.